थपडेला वन्स मोअर

"तिला सवय आहे."

एवढंच म्हणाले भैयासाहेब. माझ्याकडे बघूनही नाही, मॅडमकडे बघून. आणि फाडकन माझ्या डाव्या गालावर दिली.

मी स्टेजवर आडवी झाले. कान वाजायला लागला, गरम तेलात मोहरी तडतडते तसा. वर पंखा फिरत होता. खुर्च्यांवर बसलेली माणसं चहा पीत होती. कुणाचाही कप खाली आला नाही.

क्लबच्या हॉलमध्ये आमच्या नाटकाची तालीम चालू होती. त्या प्रवेशातली थप्पड खोटी मारायची ठरली होती. नाटकातली थप्पड खोटीच असते. मारणाऱ्याचा हात गालाजवळून निघून जातो, खाणारी मान झटकते आणि नेमक्या त्याच वेळी विंगेत कुणीतरी टाळी वाजवतं. बघणाऱ्याला वाटतं, काय बसली! आमच्याकडे ही टाळी नूरचाचा वाजवायचे. चाचा एरवी बसस्टँडजवळ गाड्या दुरुस्त करायचे आणि नाटकाच्या दिवसांत क्लबचं जनरेटर, माइक, दिवे, पडदा सांभाळायचे. हाताचं ग्रीस कधी निघायचं नाही, पण टाळी अशी की झाडावरचे कावळे उडावेत.

त्या दिवशी भैयासाहेबांना ती टाळी आवडेना. "हे पोरखेळ वाटून राहिलंय," म्हणाले. "खरी देतो." मॅडम म्हणाल्या, "अहो, लागेल ना तिला." त्यावर ते वाक्य आलं. सवय आहे.

मी उठून बसले तेव्हा मॅडम म्हणत होत्या, "वा! आता कसं जिवंत वाटतंय." त्यांना नाटक जिवंत वाटत होतं. मी नाही.

आमचं गाव वणी. एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला कापूस. खाणीतले मोठे साहेब, जिनिंगवाले, डॉक्टर, वकील अशांचा तो क्लब. दिवाळी झाली की त्यांचा नाटकांचा हंगाम सुरू व्हायचा, तो होळीपर्यंत. एक संगीत नाटक, एक फार्स, एक खुनाचं नाटक आणि एक 'सामाजिक'. काम करणारे सभासदच आणि बघणारेही सभासदच. संध्याकाळी सहकुटुंब यायचं, टेबलांभोवती बसायचं, दोन अंक बघायचे, मग जेवायचं आणि तिसरा अंक ढेकर देत बघायचा. भैयासाहेब जिनिंगवाले. नाटक लिहायचे ते, बसवायचे ते आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच. मॅडम म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, क्लबच्या सेक्रेटरी. गळा बरा होता. तो बरा आहे हे त्यांना जरा जास्तच माहीत होतं.

माझी माय या क्लबच्या मागच्या नळावर भांडी घासायची. दहावीनंतर मीही तिच्या जोडीला बसले. आत तालीम चालायची आणि खिडकीतून संवाद बाहेर यायचे. मी राखेने पातेली घासता घासता ते पाठ करायची. राजकन्येचे, वेड्या बाईचे, खुनी नवऱ्याचे. माय म्हणायची, "तोंड कमी चालव, हात चालव." पण तीही हसायची. आमच्या बौद्धपुऱ्यात जयंतीच्या कार्यक्रमात मी दरवर्षी काम करायची. पंचशीलाच्या झेंड्याजवळ चार पाट्या टाकून केलेलं स्टेज. तिथे उभी राहिले की माझ्या अंगात दुसरंच कुणी यायचं. मला नाटक हवं होतं. भाकरीइतकं हवं होतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात. बाहेरगावची माणसं गाड्या करकरून यायची, कुणाच्या खांद्याला कॅमेरा, कुणाच्या गळ्यात ओळखपत्र. कपाशीच्या कोरड्या पऱ्हाटीत उभं राहून फोटो काढायची आणि संध्याकाळी क्लबमध्ये जेवायला यायची. मग क्लबलाही वाटलं, आपणही या दुःखासाठी काहीतरी केलं पाहिजे. काय करणार? नाटक केलं. त्या वर्षीचं 'सामाजिक' कापसावर निघालं.

त्यात एक कापूस वेचणारी मजुरीण होती. मॅडम गायला तयार होत्या, रडायला तयार होत्या, पण फाटकं लुगडं नेसून मार खायला? राम राम. दुसरी कुणी साहेबीणही तयार होईना. शेवटी कुणीतरी म्हणालं, ती भांड्यावरची पोरगी संवाद छान म्हणते. आणि मला आत बोलावलं. मी ओले हात लुगड्याला पुसत स्टेजवर गेले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

मग तो प्रवेश वाचला गेला. दिवस मावळायला मजुरिणी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ओळीने उभ्या आहेत. मालक एकीला म्हणतो, "ओटी झाडून दाखव." तिच्या ओटीतून लपवलेला कापूस पडतो. मालक तिच्या थोबाडीत मारतो. पडदा. जेवणाची सुट्टी.

वाचताना भैयासाहेब स्वतःच हसले. "हे मी कल्पनेतून नाही लिहिलं बरं का," म्हणाले. "आमच्या शेतात झालंय. होती एक बाई. दिली मी एक ठेवून." सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "बाई गं, किती रिअल."

मी हसले नाही. ती बाई माझी माय होती.

लहानपणी माझा डावा कान वाहायचा. रात्रंदिवस घाण वास. औषध संपलं की माय कापसाचा बोळा करून कानात घालायची. तेव्हा ती भैयासाहेबांच्या शेतात वेचणीला जायची आणि मीही तिच्या मागे मागे असायची. वेचलेला कापूस बाया पोटाशी बांधलेल्या लुगड्याच्या ओटीत टाकतात. ओटी भरली की नेऊन ढिगावर रिकामी करायची. आणि दिवस मावळला की घरी जाण्याआधी धुऱ्यावर उभं राहून सगळ्यांसमोर ओटी झाडून दाखवायची. काही लपवलं नाही ना? म्हाताऱ्या बायांनीही, गरवार बायांनीही. भैयासाहेब तेव्हा नवे नवे जीप चालवायला लागले होते. एका संध्याकाळी जीपला टेकून बघत होते. मायने ओटी झाडली आणि कमरेच्या निऱ्यांतून एक बोळा खाली पडला. लिंबाएवढा.

"कायले चोरलं?"

"पोरीच्या कानाले पाह्यजे होतं जी."

तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. थप्पड बसली. माय पडली नाही. तिने मान खाली घातली, वाकून तो बोळा उचलला आणि नेऊन त्यांच्या ढिगावर ठेवला. पन्नास बाया बघत होत्या, एकही हलली नाही. वाटेने मी विचारलं, "माय, त्यानं तुले काहून मारलं?" ती म्हणाली, "चाल मुकाट्यानं." घरी येऊन तिने माझ्या कानात लुगड्याची चिंधी घातली.

भैयासाहेबांना थप्पड आठवत होती. बाई आठवत नव्हती. आणि आता तीच थप्पड ते तिच्या पोरीला मारणार होते, वर मजेने सांगत होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, इथे तर चोराचं नाटक होतं आणि तिकीटही लावलेलं.

मग मी काम सोडलं का नाही? हा प्रश्न मला पुढे पुष्कळांनी विचारला. खुर्चीत बसून विचारला. माझं उत्तर सोपं आहे. मला स्टेज सोडवेना. अंगावर दिवा पडायचा तेव्हा मी भांड्यावरची नसायची. एका थपडेसाठी ते सोडू? मायने तर काहीच न मिळता खाल्ली होती. असा हिशेब मी स्वतःशी केला आणि मायला मात्र काही सांगितलं नाही. ती मागच्या अंगणात नळावर असायची, नाटक तिला दिसायचं नाही.

पहिला प्रयोग. दुसऱ्या अंकाच्या शेवटी थप्पड बसली आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. तिसऱ्या अंकात मालकाला पश्चात्ताप होतो. तो आभाळाकडे बघून लांबलचक भाषण करतो. लोक रुमाल काढायचे. रडायचे ते मालकासाठी. थप्पड खाणारी तोवर नाटकातून संपलेली असायची. तिसऱ्या अंकात तिला कामच नव्हतं.

क्लबची एक रीत होती. सुट्टीतल्या जेवणात गोडाचा पदार्थ पात्रांनी वाढायचा, रंगलेल्या तोंडाने, नाटकाच्या कपड्यांत. सभासदांना त्याचं फार कौतुक. राजाच्या हातची जिलबी, खुन्याच्या हातचा गुलाबजाम. त्या दिवशी बासुंदी होती. मलाही वाटलं, मीही पात्र आहे. मी पातेलं घेतलं, ओगराळं घेतलं आणि पहिल्या टेबलाशी गेले. एका बाईने वाटीवर हात ठेवला. "मला शुगर आहे." पुढच्या टेबलावर दुसऱ्या हाताने वाटी झाकली. तिसऱ्या टेबलावर मी यायच्या आधीच वाट्या झाकल्या गेल्या होत्या. अख्ख्या वणीला एका संध्याकाळी शुगर झाली.

मॅडम लगबगीने आल्या. माझ्या हातातलं ओगराळं हळूच काढून घेतलं. गोड आवाजात म्हणाल्या, "तू राहू दे गं. तू भूमिकेतच राहा."

मी भूमिकेतच राहिले. मागे गेले, लुगडं खोचलं आणि त्यांच्या त्याच वाट्या घासल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. ते आलं असतं तर बरं झालं असतं.

नाटक गाजलं. सभासद पाहुण्यांना घेऊन पुन्हा पुन्हा यायला लागले. प्रयोग वाढले. प्रत्येक प्रयोगात थप्पड खरी आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात, कारण टाळ्या वाढत होत्या. नूरचाचा दरवेळी विंगेत येऊन उभे राहायचे, हात तयार ठेवून. एकदा हिंमत करून म्हणाले, "साहब, मैं ताली बजा देता हूं ना. बच्ची है." भैयासाहेब म्हणाले, "तू तुझं जनरेटर पाह्य."

आणि मग ती संध्याकाळ. संगीत नाटकात गाणं आवडलं की लोक 'वन्स मोअर' म्हणतात, गाणारा ते पुन्हा गातो. आपल्या नाटकांची जुनी चाल आहे. मॅडमच्या प्रत्येक गाण्याला क्लबात वन्स मोअर मिळायचा, मागावाच लागायचा. त्या दिवशी माझ्या गालावर थप्पड बसली आणि मागच्या टेबलावरून एक कोळशाचा ठेकेदार ओरडला, "वन्स मोअर!"

हॉल हसला. हसणारे हातात पापड धरून हसत होते.

भैयासाहेबांनी प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. अगदी गायकासारखा. आणि मला पुन्हा मारलं. त्याच गालावर, त्याच कानावर.

विंगेत आले तेव्हा मानेवरून काहीतरी ओघळत होतं. चाचांनी टॉर्च मारला. कानातून रक्त येत होतं. मॅडमनी मेकअपच्या डब्यातला कापूस काढून माझ्या हातावर ठेवला. "लुगड्यावर सांडू देऊ नको हं, क्लबचं आहे." मी कापूस कानात घातला. तोच कान. तोच कापूस. मायच्या बोळ्यापायी एक थप्पड पडली होती, माझ्या थपडेवर बोळा फुकट मिळाला.

त्यानंतर प्रत्येक प्रयोगात वन्स मोअर आला. ती रीतच पडली. नवा पाहुणा आला की शेजारचा त्याला आधीच सांगून ठेवायचा, आता बघा हं, आता ओरडायचं. डाव्या कानाने मला माणसं विहिरीतून बोलल्यासारखी ऐकू यायला लागली. मी बोळा बदलत राहिले. मायला सांगितलं, कान पुन्हा वाहतो.

हंगामाचा शेवटचा प्रयोग. बाहेरगावचे पाहुणे येणार होते, कॅमेरावाले येणार होते. दुपारी माय म्हणाली, "आज मी पाह्याले येतो. एवढे दिस झाले, पोरगी नाटकात हाये अन् मी भांडेच घासून राह्यली. लोकं म्हंतेत, लय चांगलं करते."

मी म्हटलं, "काही नाई व त्यात, माय."

"असू दे. माही पोरगी त पाहीन."

मला त्या क्षणी एकच गोष्ट कळली. मी मार खाऊ शकते, पण मायसमोर नाही. तिच्या डोळ्यांसमोर तिचीच थप्पड मी खाल्ली, तर ती पुन्हा त्या धुऱ्यावर जाऊन उभी राहील. मग तिला तिथून परत आणायला कुणी नाही.

मी भैयासाहेबांच्या खोलीत गेले. ते आरशासमोर मिशी चिकटवत होते. मी हात जोडले. हो, जोडले. "साहेब, आजच्या दिवस टाळीवर करा. माही माय पाह्याले आली."

"कोण माय?"

"मागं भांडे घासते थे."

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "बरं बरं. जा."

मी चाचांना सांगितलं, आज टाळी तुमची. चाचांचा चेहरा उजळला. त्यांनी हात साबणाने धुतले. ग्रीसचे हात, टाळीसाठी धुतले.

दुसरा अंक संपत आला. मी धुऱ्यावर उभी. समोर टेबलं, ताटं वाट्या लावलेल्या, पुढे कॅमेरे. आणि उजवीकडे, स्वयंपाकघराच्या दारात माय. पदर सारखा केलेला, हात ओलेच. तिच्या तोंडावर असं हसू होतं की मला माझं वाक्य आठवेना.

"ओटी झाडून दाखव," भैयासाहेब गरजले.

मी पाहिलं, मायचा हात आपोआप स्वतःच्या कमरेकडे गेला.

मी ओटी झाडली. नाटकातला कापूस पडला. चाचा विंगेत तयार होते. भैयासाहेबांचा हात आला, मी मान झटकली, चाचांची टाळी वाजली. आणि तरी थप्पड बसली. खरी. आजवरची सगळ्यात जोरात. दोन आवाज झाले, एक टाळीचा आणि एक माझ्या हाडाचा. कानातला बोळा निघून खाली पडला, पांढऱ्या कापसात लालभडक.

त्यांनी कबूल केलं होतं. बरं बरं म्हणाले होते. आपण कुणाला काही कबूल केलंय, हेच त्या माणसाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"वन्स मोअर! वन्स मोअर!"

भैयासाहेब कॅमेऱ्याकडे वळून वाकले. मी मायकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. तशीच. त्या दिवशी घातली होती अगदी तशीच.

त्यांनी हात उचलला. त्याआधी माझा उठला.

मी मारलं. पातेली घासून घासून घट्ट झालेला हात होता तो. विंगेतून टाळी आली नाही. तिची गरजच लागली नाही. माझ्या थपडेचा आवाज तिचा स्वतःचा होता. भैयासाहेबांची मिशी एका बाजूने सुटून ओठावर लोंबली.

आणि मग टाळ्या! त्यांना वाटलं, नाटकात नवीन घातलंय. शेवटच्या प्रयोगाची गंमत. कुणीतरी म्हणालं, "वा, काय ट्विस्ट आहे!" आणि त्या ठेकेदाराने सवयीप्रमाणे आरोळी ठोकली, "वन्स मोअर!"

मी दिला.

पहिल्यापेक्षा जोरात दिला. भैयासाहेब स्टेजवर मांडलेल्या कापसाच्या वजनकाट्यावर जाऊन आदळले, नाकातून रक्त आलं. आता टाळ्या थांबल्या. आता त्यांना कळलं. त्या माणसाला रक्त आलं तेव्हा कळलं, मला इतक्या वेळा आलं तेव्हा नाही.

मी पुढे आले. "हे माही ओटी," मी म्हटलं. "मायनं झाडली, मीनं झाडली. आता तुमी उठा अन् तुमचे खिसे झाडून दाखवा. सगळे."

एकाचाही हात खिशाकडे गेला नाही.

पुढचं फार भराभर झालं. भैयासाहेबांनी मागून माझे केस धरले आणि मला लाकडी फळ्यांवर आपटलं. पोटात लाथ बसली. दोन-चार जण स्टेजवर चढले. क्लबची माणसं, इस्त्रीचे कपडे. एकाने हातावर बूट ठेवला आणि दाबला, माझं बोट मोडलं. त्यांच्या तोंडातून माझी जात बाहेर पडली. नाटकभर शुद्ध बोलणारी तोंडं होती ती. एक ताट येऊन कपाळावर लागलं. मी चावले, ओरबाडलं, जे हाताला लागलं ते सोडलं नाही. मी गाय नव्हते.

"पडदा पाडा! लाईट बंद कर रे!" मॅडम किंचाळत होत्या. पाहुण्यांना दिसत होतं ना.

नूरचाचांनी दिवे बंद केले नाहीत. पडद्याची दोरी मुठीत धरून उभे राहिले आणि पडदा पाडला नाही. कुणीतरी त्यांच्या पाठीत खुर्ची घातली, तरी दोरी सोडली नाही. जे चाललं होतं ते भर उजेडात चाललं.

आणि मग माय आली. पायात चप्पल नाही, हात ओलेच. येताना तिने टेबलावरच्या पातेल्यातून ओगराळं उचललं होतं. माझ्या हातून काढून घेतलेलं तेच. माझे केस धरलेल्या मनगटावर तिने ते हाणलं. बासुंदी उडाली. भैयासाहेब गुरासारखे ओरडले.

"सोड," माय म्हणाली. जी नाही, साहेब नाही. सोड.

त्यांनी सोडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्यात. तक्रार त्यांची, आरोपी आम्ही. हल्ला केला हे एक. आणि दुसरं ऐका, लुगडं चोरलं. मी मार खाऊन, रक्ताने माखून त्याच नाटकाच्या लुगड्यात घरी गेले होते, म्हणून चोरी. मायला बोळ्याची चोरी, मला लुगड्याची. आमचं अंग त्यांच्या मालात गुंडाळलेलं असलं की आम्ही चोर. मी ते लुगडं न धुता नेलं होतं. जमादाराच्या टेबलावर टाकलं. म्हटलं, "झाडून पाहा. माह्या रक्ताशिवाय काही निघत असंन त सांगा."

जमादार माणूस वाईट नव्हता. मिटवायचं बघत होता. मायला समजावत म्हणाला, "बाई, साहेब मोठ्या मनाचे हायेत. पोरीनं चारचौघांत माफी मागावं, केस वापस घेतीन. एका थपडेचं कायले एवढं धरून बसता? तुमाले काय, सवय रायते."

मी मायला ते तालमीतलं वाक्य कधी सांगितलं नव्हतं. तिने जमादाराकडे नीट पाहिलं.

"मले होती," म्हणाली. "इले नाई."

माफी मागितली नाही. केस वर्षानुवर्षं चालली. तारखांवर तारखा. मायचं काम गेलं, चाचांचं क्लबचं काम गेलं, त्यांची पाठ पुढे कधी सरळ झाली नाही. कॅमेऱ्यांनी काय टिपलं ते कुणालाच दिसलं नाही. त्या पाहुण्यांनी जेवण तेवढं पूर्ण केलं, असं आचारी सांगत होता. शेवटी आपण टाळ्या वाजवल्या हे कोर्टात सांगावं लागेल म्हणून एकही सभासद साक्षीला येईना आणि केस गळाली. टाळ्या वाजवायला भरलेला हॉल होता, साक्षीला एक चाचा होते.

माझा डावा कान गेला. कायमचा. डॉक्टरने सांगितलं, पडदा फाटलाय. मला हसू आलं. नाटकवाल्यांचा पडदा.

आता आमचं स्वतःचं नाटक आहे. वेचणीला जाणाऱ्या बाया आहेत, झाडाला बॅटरी टांगतो, धुऱ्यावरच करतो. त्यात ओटीचा प्रवेश आहे. थप्पडही आहे, ती खोटी. बाईच्या गालाला हात लागत नाही, टाळी मी स्वतः वाजवते. आणि आमच्या नाटकाला तिसरा अंक नाही. मालकाचा पश्चात्ताप त्याने त्याच्या घरी करावा. ज्या शेतात आम्ही नाटक केलं, तिथल्या बाया दुसऱ्या दिवशी ओटी झाडत नाहीत. दोन ठिकाणी त्यावरून मारामारी झाली. आम्हीही मारलं.

मध्यंतरी क्लबने निरोप पाठवला. झालं गेलं विसरू, तुझा सत्कार करायचाय, बासुंदीचं जेवण आहे. मी कळवलं, वाढायला मी येईन, आधी वाट्यांवरचे हात काढा. त्यावर निरोप आला नाही.

मी विसरलेले नाही. विसरणार नाही. कुणी विसर म्हटलं तर त्याचंही नाव लक्षात ठेवीन. आणि कुणाला अजून वन्स मोअर म्हणायचं असेल, तर त्याने माझ्या उजव्या बाजूला येऊन म्हणावं. त्या कानाने मला चांगलं ऐकू येतं. मी देईन.